बोसालवरच्या शोभेच्या गाठींचा पाया भरताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियातील वाकेरो, म्हणजे तिथले परंपरागत गुराखी घोडेस्वार, शिकाऊ घोड्याच्या तोंडात लगामाचे लोखंड घालण्यापूर्वी त्याच्या नाकावर बोसाल चढवतात. न कमावलेल्या कातड्याच्या वाद्या गाभ्याभोवती विणून केलेला हा नाकपट्टा असतो. त्यावर नाकावरची लांबट फुगीर गाठ, म्होरकीची पट्टी सरकू न देणाऱ्या बाजूच्या दोन गाठी आणि हनुवटीखालची जड गाठ अशा गाठी येतात. पाहणाऱ्याला वरची वीण दिसते, परंतु गाठीचा आकार आणि तिची पकड विणीखाली थर गुंडाळून भरलेल्या पायावर ठरते. त्यामुळे गाठ बिघडली की वीण पुन्हा पुन्हा आवळत बसण्यापेक्षा ती उसवून पाया तपासावा, असे माझे मत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक ओलाव्याची आहे. कच्चे कातडे भिजले की फुगते आणि सुकताना आक्रसते. ओलसर वादी कोरड्या पायावर विणली, तर ती सुकताना पायाला घट्ट आवळते. मात्र पायाच ओला असेल, तर वरची गाठ सुकून कडक झाल्यानंतरही तो आतल्या आत बारीक होत राहतो आणि गाठ त्याच्यावर सैल पडते. ऐन पावसाळ्यात मी कच्च्या कातड्याचा पाया भरून दुसऱ्याच दिवशी त्यावर नाकाची गाठ घातली होती. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर ती गाठ दोन बोटांच्या चिमटीत बांगडीसारखी फिरू लागली. तेव्हापासून पाया सावलीत किमान दोन दिवस आणि पावसाळ्यात आठवडाभर सुकवल्याशिवाय मी वादी हातात घेत नाही. सुकवण्याची घाई म्हणून शेगडीची ऊब मात्र कधीही देऊ नये, कारण ओले कातडे 60 अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचे आकसते आणि ते पुन्हा पूर्ववत करता येत नाही. वादीही निथळती नसावी. ती भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, की ओलावा आतपर्यंत सारखा मुरतो. फार ओली वादी ओढताना ताणून अरुंद होते आणि सुकल्यावर विणीत फटी राहतात.

दुसरी चूक हिशेबाची आहे. दीड मिलिमीटर जाडीच्या चामड्याचा एक थर व्यासात 3 मिलिमीटर वाढवतो आणि घेरात जवळजवळ साडेनऊ. म्हणजे 16 मिलिमीटर व्यासाच्या बोसालचा सुमारे 50 मिलिमीटरचा घेर दोन थरांनंतर 69 मिलिमीटर होतो, आणि आधी योजलेली गाठ मध्यभागी उघडी पडते. अशा वेळी काठावरचा एक वळसा, म्हणजे वादी काठावरून परत वळते ती जागा, वाढवण्याचा मोह होतो. परंतु एकाच वादीची टर्क्स हेड गाठ, म्हणजे दांड्याभोवती पगडीसारखी गोल विणलेली गाठ, पूर्ण होण्यासाठी वादीचे दांड्याभोवतीचे फेरे आणि काठावरचे वळसे यांना एकाहून मोठा सामाईक विभाजक नसावा लागतो. 6 फेऱ्यांना 7 वळसे चालतात, 8 चालत नाहीत. म्हणून प्रत्येक थरानंतर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजावा आणि गाठीचे गणित शेवटच्या मापावर करावे. घट्ट विणीत पृष्ठभाग साधारण दोनदा झाकला जातो, त्यामुळे घेर आणि गाठीची लांबी यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला वादीच्या रुंदीने भागले, की लागणारी वादी कळते. 69 मिलिमीटर घेर, 40 मिलिमीटर लांबी आणि 3 मिलिमीटर रुंदीची वादी असेल, तर सुमारे 184 सेंटिमीटर वादी लागेल. हातात धरण्यापुरती जास्तीची वेगळी घ्यावी.

आकाराच्या बाबतीत पायाचे खांदे उभे राहणे ही नेहमीची खोड आहे. उभ्या उतारावर काठाचे वळसे टिकत नाहीत, घसरून एकमेकांवर चढतात. गाठ 60 मिलिमीटरची असेल, तर पहिला थर 52, दुसरा 42 आणि तिसरा 30 मिलिमीटर लांबीचा ठेवून प्रत्येकाची कड रापीने तासून शून्यावर आणावी, म्हणजे काठाचे वळसे पाया ओलांडून मूळ विणीवर बसतात. थराची दोन टोके न तासता एकमेकांवर चढवली तर उंचवटा येतो आणि नुसती भिडवली तर खाच राहते, म्हणून दोन्ही टोके तिरपी तासून जोडावीत. हा जोड घोड्याच्या नाकाच्या हाडावर टेकणाऱ्या बाजूला कदापि येऊ देऊ नये. तिथला बारीकसा उंचवटाही घोड्याला टोचत राहतो.

साहित्यात मऊपणा नको. सुती दोरा आणि कागदी चिकटपट्टी दाबाखाली बसतात. विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी उन्हात पाझरून घसरू लागते. हिरडा-बाभळीने कमावलेले घट्ट चामडे आणि थरांमधल्या फटींसाठी मेण लावलेला मजबूत दोरा पुरेसा होतो. थर जागेवर धरण्यासाठी बारीक लोखंडी खिळे ठोकू नयेत, कारण ओलाव्यात लोखंड आणि हिरड्यातील टॅनिन मिळून काळा रंग तयार होतो आणि तो डाग फिकट वादीवर उमटतो. थर सरस लावून, शिवाय दोऱ्याने मूळ विणीला बांधून पक्का करावा, आणि वीण सुरू करण्यापूर्वी पाया मुठीत धरून जोराने पिळून पाहावा. तो किंचितही फिरला, तर बांधणी उसवून पहिल्या थरापासून पुन्हा सुरुवात करावी.