नवीन लेट नाइट शोचा पहिला एपिसोड ठाण्यात बसून कसा बघायचा (आणि त्याच दिवशी निकाल का लावायचा नाही)

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, अमेरिकेतला लेट नाइट शो, म्हणजे रात्री उशिरा लागणारा विनोद आणि पाहुण्यांशी गप्पांचा कार्यक्रम, आपल्याकडे सकाळी येतो. निम्मे लोक इथेच चुकतात. तिकडच्या मोठ्या चॅनेलवरचे शो रात्री 11:35 ला लागतात, न्यूयॉर्कच्या घड्याळाने, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे 9:05 आणि त्यांच्या थंडीत 10:05. मी 9:05 ला ठाणे स्टेशनच्या पुलावरून ट्रान्सहार्बर लोकलच्या प्लॅटफॉर्मकडे पळत असते, ऐरोलीला ऑफिस आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं माझे सगळे लेट नाइट शो संध्याकाळी परतीच्या गाडीत यूट्यूबवर, तुकड्यातुकड्यात झालेत. तरीपण पहिला एपिसोड असला की मी वेगळी तयारी करते, आणि ती कशी करायची तेच सांगायला बसलीये, कारण ओळखीतले बरेच जण पहिल्याच दिवशी दहा मिनिटांची क्लिप बघून "फालतू आहे" म्हणून मोकळे होतात आणि मग पुढचे चांगले एपिसोड त्यांचे राहूनच जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर आधी वेळ. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतं. घड्याळ पुढे असताना आपण न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे, एरवी साडेदहा तास. हे दर वेळी नव्याने तपासायचं. 2025 मध्ये जॉन मुलेनी या अमेरिकन कॉमेडियनचा ‘एव्हरीबडीज लाइव्ह’ नेटफ्लिक्सवर सुरू झाला, 12 मार्चला, बुधवारी रात्री 10 ला, आणि हा खरोखरचा लाइव्ह, म्हणजे तिकडे तो बोलतोय तेव्हाच आपल्याला दिसतोय. आणि घड्याळ बदललं होतं 9 तारखेला, फक्त तीन दिवस आधी! घणसोलीचा माझा एक मित्र, नाइट शिफ्टवाला, त्याने जुन्या हिशोबाने 8:30 धरलं, शिफ्ट संपवून, चहाबिहा घेऊन निवांत बसला तेव्हा शो संपत आलेला. खरी वेळ होती गुरुवारी सकाळी 7:30. म्हणून सांगते, आदल्या रात्रीच फोनमध्ये न्यूयॉर्कचं घड्याळ लावून ठेवा आणि त्याच्याकडे बघूनच अलार्म लावा, तोंडी हिशोबावर जाऊ नका.

आता 7:30 म्हणजे आपल्या घरात काय असतं ते तुम्हाला माहितीये. कुकरच्या शिट्ट्या, पाणी जायच्या आत बादल्या भरायची घाई, डब्याची गडबड. शांतपणे सोफ्यावर बसून बघायला मिळेल ही आशा सोडा आणि जिथे तुम्ही त्या वेळी असणारच आहात तिथे शो न्या. मी फोन ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला, एका बाजूला आई पोळ्या लाटतेय, मी भाजी परततेय, आणि समोर मुलेनी सूट घालून उभा. आई म्हणाली, "हा बँकेतल्या साहेबांसारखा नटून आलाय, आणि हे विनोदी?" मी म्हटलं, थांब गं, बघ तरी. त्या दिवशीचा विषय होता मित्रांना, नातेवाईकांना पैसे उसने देणं. लेट नाइट शोमध्ये विषय वगैरे सहसा नसतो, पण याच्यात दर आठवड्याला एक विषय असतो आणि लोक फोन करून आपली कहाणी सांगतात. समोर अभिनेता मायकल कीटन, गायिका जोन बाएझ, विनोदी अभिनेता फ्रेड आर्मिसेन आणि पैशापाण्यावर लिहिणारी एक पत्रकार, सगळे एकत्रच बसलेले. मी आईला मराठीत सांगत होते कोण काय बोलतंय ते, आणि उसन्या पैशाचं नाव निघाल्याबरोबर तिचं लाटणं थांबलं. "दिलेले पैसे मागताना लाज देणाऱ्यालाच का वाटते गं?" एवढंच बोलली आणि परत लाटायला लागली, पण मग शेवटपर्यंत तिचं लक्ष फोनकडेच होतं.

हे मुद्दाम सांगितलं कारण पहिला एपिसोड एकट्याने बघू नका असं माझं ठाम मत आहे. ज्याला त्या होस्टबद्दल काहीच माहीत नाही असं एक माणूस शेजारी हवं. आपण फॅन असतो, आपल्याला तो आधीपासूनच आवडत असतो, त्यामुळे फसलेल्या जोकवरसुद्धा आपण हसतो. आई हसत नाही. आई कुठे हसली, कुठे उठून फ्रिजकडे गेली, यावरून मला शो कळतो.

आता बघायचं काय? बहुतेक लोक मोनोलॉग बघून ठरवतात, म्हणजे सुरुवातीला होस्ट उभा राहून बातम्यांवर जोक मारतो तो भाग. पण जरा विचार करा, नेहमीच्या शोमध्ये ते जोक लेखकांची अख्खी टीम बसून लिहिते, बरेचसे त्याच दिवशी सकाळी, आणि होस्ट समोरच्या कार्डांवरून किंवा स्क्रीनवरून वाचतो. शूटिंग संध्याकाळी होतं आणि टीव्हीवर रात्री येतं. पहिल्या दिवशी मोनोलॉग चांगला झाला तर त्यातून लेखक तयारीचे आहेत एवढंच कळतं. होस्टचं काय?

होस्ट कळतो पाहुणा आल्यावर. इथे एक आतली गोष्ट माहीत असली की बघायची मजा दुप्पट होते. पाहुणा थेट येऊन गप्पा मारायला बसत नाही, आधी शोचा एक प्रोड्यूसर त्याच्याशी फोनवर वगैरे बोलून घेतो, कुठले किस्से चांगले आहेत ते निवडतो आणि होस्टच्या कार्डावर लिहून देतो. म्हणून तर होस्ट म्हणतो, "मी ऐकलं तुमच्या कुत्र्याने परवा काहीतरी केलं म्हणे?" आणि पाहुणा लगेच सुरू होतो. यात फसवणूक नाही, कामाची पद्धतच तशी आहे, वेळ सहा-सात मिनिटांचा असतो. पण आपण ठाण्यातली माणसं, प्रकट मुलाखती बघत मोठी झालेली. जानेवारीत नौपाड्यात सरस्वती शाळेच्या मैदानावर म्हाळगी व्याख्यानमाला असते, शिवाय गडकरी रंगायतनला काही ना काही कार्यक्रम चालूच असतात, आपल्याला चिठ्ठी बघून विचारलेला प्रश्न शेवटच्या रांगेतूनही कळतो. मुलाखत घेणारा पुढच्या प्रश्नाकडे बघत असतो, पाहुणा काहीतरी भलतंच सुंदर बोलून गेलेला असतो, आणि तो म्हणतो "वा वा, आता मला सांगा..." आणि अख्खा हॉल मनातल्या मनात हळहळतो.

तेच तिकडे बघायचं. पाहुणा कार्डाबाहेरचं काही बोलला तर होस्ट कार्ड सोडतो का? तेवढं एक बघितलंत तरी पुरे. याला माझी एक ट्रिक आहे, पाहुण्याच्या भागात दोन मिनिटं आवाज बंद करा. खरंच करून बघा. आवाज असला की शब्दांकडे लक्ष जातं, बंद केला की होस्टचे डोळे आणि हात दिसतात. ऐकणाऱ्या माणसाचे हात स्थिर असतात, तो थोडा पुढे झुकतो, हसू पाहुण्याच्या वाक्याच्या मागून येतं. न ऐकणारा वाक्य संपायच्या आधीच हसतो, कारण किस्सा त्याला आधीच माहितीये, आणि मधूनच नजर खाली कार्डावर जाते. मुलेनी पहिल्या एपिसोडला फोनवरच्या लोकांशी बोलत असताना मी हे केलं. सोफ्यावर माणसं जास्त झाली होती, कुणाला धड बोलायलाच मिळत नव्हतं, वेगही मधेच बसत होता असं मला वाटलं, पण फोन करणाऱ्याचं तो मनापासून ऐकत होता. तिथेच मी ठरवलं की हा शो सोडायचा नाही.

लाइव्ह नसेल आणि यूट्यूबवरच बघावं लागणार असेल (बहुतेक वेळा तसंच असतं) तर एक करा, क्लिप शोच्या क्रमानेच बघा. यूट्यूब तुम्हाला जी सगळ्यात जास्त चालली ती क्लिप आधी दाखवणार, बहुतेक तो मोठ्या स्टारचा किस्सा असतो नाहीतर काहीतरी गाणं-नाच, आणि तेवढंच बघितलं तर शो कसा आहे ते कळत नाही, स्टार कसा आहे ते कळतं. चॅनेलवर जाऊन आधी मोनोलॉग, मग टेबलमागे बसून करतो तो भाग, मग पहिला पाहुणा, मग दुसरा, असं बघा. ठाणे ते वाशी गाडीत तीन क्लिप आरामात होतात. नेटवर्क मधेच जातं म्हणून आदल्या रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवलेलं बरं.

आता लगेच निकाल का लावायचा नाही ते सांगते. 1993 साली अमेरिकेत बरोबर चौदा दिवसांत तीन नवीन शो सुरू झाले. 30 ऑगस्टला डेव्हिड लेटरमनचा ‘लेट शो’, 7 सप्टेंबरला चेव्ही चेसचा, आणि 13 सप्टेंबरला कोनन ओब्रायनचा ‘लेट नाइट’. लेटरमन आधीपासूनच मुरलेला, 1982 पासून दुसऱ्या चॅनेलवर हाच ‘लेट नाइट’ करत होता, तो सोडून इकडे आलेला, त्याच्या पहिल्या एपिसोडबद्दल कुणाला शंका नव्हती. चेव्ही चेस सिनेमाचा स्टार, सगळ्यांना माहीत. आणि कोनन? तो लेखक होता, ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ आणि ‘द सिम्प्सन्स’साठी लिहायचा, पडद्यावर त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि त्याला बसवलं कुठे तर लेटरमनच्याच रिकाम्या खुर्चीत. त्याने पहिल्या एपिसोडची सुरुवातच त्यावर केली, तो सकाळी चालत कामाला निघालाय आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण त्याला ऐकवतोय की लेटरमनसारखं जमलं पाहिजे हां.

चेव्ही चेसचा शो पाच-सहा आठवड्यांत बंद पडला. कोननला सुरुवातीला समीक्षकांनी धू धू धुतला, चॅनेलसुद्धा पुढची मुदत तेरा-तेरा आठवड्यांचीच देत होतं, म्हणजे दर तीन महिन्यांनी नोकरी राहणार की जाणार. आणि तोच माणूस त्या खुर्चीत 2009 पर्यंत बसला, पंधरा वर्षांहून जास्त! मी त्याचा पहिला एपिसोड खूप नंतर बघितला, जॉन गुडमन, ड्रू बॅरीमोर आणि टोनी रँडल पाहुणे होते, आणि दिसतं हो, तो घाबरलेला आहे, हात कुठे ठेवावे कळत नाहीये. पण समोरचा बोलायला लागला की त्याचा चेहरा बदलतो. तीच दोन मिनिटांची ट्रिक तिथे लावून बघा, तुम्हालाही दिसेल. त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात शिव्या घालून टीव्ही बंद केलेल्यांनी किती काय घालवलं असेल याचा विचार येतो मला.

म्हणून त्या दिवशी लिहायचंच असेल, ग्रुपवर टाकायचंच असेल, तर मत नको, जे दिसलं ते लिहा. "आवडला", "बकवास", "आधीच्याची सर नाही" यातून वाचणाऱ्याला काही मिळत नाही. त्याऐवजी "दुसऱ्या पाहुण्याच्या वेळी त्याने कार्ड बाजूला ठेवलं", "बँडवाल्यांशी दोनदा बोलला, दोन्ही वेळा खरं हसला", "शेवटची दहा मिनिटं घाईत उरकली" असं लिहिलंत की ज्याने शो बघितला नाही त्यालाही कळतं आणि ज्याला आवडला नाही त्याच्याशी बोलायला काहीतरी जागा उरते. आधीच्या होस्टशी तुलना तर पहिल्या महिन्यात करूच नका, वीस वर्षं मुरलेल्या लोणच्याची चव काल भरलेल्या बरणीत कशी येईल?

आणि हे फोनच्या नोट्समध्ये तारीख टाकून ठेवा. मग मधले एक-दोन चुकले तरी हरकत नाही, पण पाचवा-सहावा एपिसोड ठरवून बघा, परत तसंच, आवाज बंद करून दोन मिनिटं, आणि जुनी नोट उघडून शेजारी ठेवा. मुलेनीच्या त्या सीझनचे बारा एपिसोड झाले, दर गुरुवारी सकाळी, आणि शेवटच्या एपिसोडला तो चक्क चौदा वर्षांच्या तीन पोरांशी एकटा झटापट करायला उतरला, पहिल्या दिवशी उसन्या पैशाच्या गप्पा बघताना हे असं काही होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. माझ्या पहिल्या दिवशीच्या नोटमध्ये लिहिलेलं होतं, "माणसं जास्त, वेळ कमी, पण फोन नीट घेतो." सहाव्या एपिसोडनंतर मी त्याच्याखाली लिहिलं, "आता पाहुणेसुद्धा एकमेकांचं ऐकायला लागलेत." आईला दाखवलं तर म्हणाली, फोनवरच्या त्या बाईला तिचे उसने दिलेले पैसे मिळाले का परत, ते लिहून ठेव आधी.