इन्सुलिन: फ्रिजमध्ये नेमके कुठे, आणि फ्रिज नसेल तर?

न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायचे. सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे आणि मागची भिंत टाळा. तिथे इन्सुलिन गोठू शकते. मधल्या फळीवर, खोक्यासकट, झाकणाच्या डब्यात ठेवा. दार सतत उघडते, म्हणून दाराचा कप्पाही नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर अगदी नितळ दिसले तरी टाकूनच द्यायचे, किंमत कितीही असो.

वापरातले पेन किंवा बाटली 25-30 अंशांखाली बाहेर चालते, बहुतेकांची मुदत 28 दिवस. काहींची जास्त असते, पत्रक बघा. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. पेनला सुई लावून ठेवू नका, हवा शिरते आणि डोस चुकतो.

विदर्भातल्या उन्हाळ्यात वीज गेली किंवा फ्रिजच नसेल, तर मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात छोटे मडके बसवा. इन्सुलिन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओले फडके टाका. मडके सावलीत, वारा लागेल असे हवे. वाळू सुकू देऊ नका. आत थर्मामीटर ठेवलात तर उत्तम. कोकणच्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, त्यामुळे तिथे हा उपाय फारसा कामाचा नाही.

नितळ इन्सुलिन गढूळ झाले, किंवा दुधाळ इन्सुलिन तळहातांत घोळवूनही गुठळ्या राहिल्या, तर वापरू नका.