प्रोजेक्टमधल्या ऑडिओ फाइली कशा सांभाळाव्यात आणि सॅम्पल रेट न बिघडवता कशा बदलाव्यात

मिक्सिंगवर, प्लगइनवर, माइकवर बोलणारे पुष्कळ आहेत. फाइल एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात नेण्याची वेळ आली की मात्र सल्ला एका वाक्यात आटोपतो: "कन्व्हर्ट करून घ्या, झालं." या एका वाक्यापायी मी एका गायिकेची दोन दिवसांची मेहनत जवळजवळ मातीत घातली होती. म्हणून या लेखात सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली, त्या आकड्याचा) भाग लांबलचक आहे आणि बाकीचं थोडक्यात आहे. बाकीचं खरंच सोपं आहे.

१. आधी सगळं एका फोल्डरात

प्रोजेक्ट जिथे सेव्ह आहे तिथेच त्याच्या सगळ्या ऑडिओ फाइली असायला हव्यात. डाउनलोड्समधून किंवा पेन ड्राइव्हवरून थेट ट्रॅकवर ओढलेली फाइल पुष्कळदा तिथेच राहते आणि प्रोजेक्टला फक्त तिचा पत्ता माहीत असतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरांपैकी एबलटन लाइव्हमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह', प्रो टूल्समध्ये 'सेव्ह कॉपी इन', रीपरमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना मीडिया कॉपी करण्याची खूण. दर बैठकीच्या शेवटी हे करा.

नको असलेल्या फाइली काढून टाकणारी 'क्लीन अप' कमांड प्रोजेक्ट पूर्ण होईपर्यंत वापरू नका. ती पुष्कळदा फक्त आत्ता उघडलेल्या प्रोजेक्टला काय लागतं ते बघते. त्याच फोल्डरात तुमची जुनी आवृत्ती पडून असेल, तर तिच्या फाइली "न वापरलेल्या" ठरून उडतात.

२. सुरुवातीला २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ

नवा प्रोजेक्ट कोणत्या रेटवर आणि किती बिटांवर (बिट म्हणजे प्रत्येक मापाची बारकाई) सुरू करायचा, याला माझं उत्तर ठरलेलं आहे. व्हिडिओचं जग ४८ वर चालतं आणि आज जवळजवळ प्रत्येक गाणं कधी ना कधी व्हिडिओखाली जातंच. काम निव्वळ सीडीसाठी असेल तर ४४.१ घ्या. २४ बिट अशासाठी की १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामध्ये सुमारे ९६ डेसिबलची जागा मिळते, तर २४ बिटांत कागदावर १४४. मग रेकॉर्डिंग करताना पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली तरी काही बिघडत नाही.

जागेचा हिशोब: ४८/२४ वर मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी आणि स्टिरिओला १७.३ एमबी लागतात. मैफल किंवा दीर्घ मुलाखत रेकॉर्ड करणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. साधी वेव्ह फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, कारण तिच्या हेडरमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत) आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. स्टिरिओ ४८/२४ ला ही मर्यादा चार तासांनंतर येते, पण ९६ किलोहर्ट्झला दोन तासांतच. सेटिंगमध्ये आरएफ६४ चा (४ जीबीच्या पुढे जाणाऱ्या वेव्हचा) पर्याय असेल तर तो निवडून ठेवा.

३. सॅम्पल रेट: इथेच घात होतो

ऑडिओ फाइलीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग, म्हणजे सॅम्पल्स. दुसरी म्हणजे हेडरमधली एक छोटी नोंद: हे आकडे सेकंदाला किती या वेगानं वाजवायचे. खरं रूपांतर म्हणजे आकड्यांची पूर्ण रांग नव्यानं मोजून काढणं. ४८ वरून ४४.१ वर येताना दर १६० सॅम्पल्सच्या जागी १४७ नवी सॅम्पल्स तयार होतात, लांबी तीच राहते आणि सूरही तोच राहतो. नुसती नोंद बदलली, किंवा सॉफ्टवेअरनं नोंदीकडे दुर्लक्ष केलं, तर आकडे तेच राहतात आणि चुकीच्या वेगानं वाजतात. या दोन गोष्टींत गल्लत झाली की पुढचं सगळं काम चुकीच्या पायावर उभं राहतं.

माझ्या बाबतीत झालं ते असं. गायिकेनं तिच्याकडे ४८ वर गाऊन फाइल पाठवली. माझा प्रोजेक्ट ४४.१ चा होता. फाइल आत घेताना समोर चौकट आली: रूपांतर करायचं का? मी घाईत ती बाजूला सारली. आवाज वाजला. थोडा जड वाटला, थोडा संथ, आणि ट्रॅकच्या तुलनेत उतरलेला. मला वाटलं, तिनं ट्रॅक हेडफोनमध्ये नीट ऐकला नसेल. मग मी ओळीओळीनं तिचं गाणं ताणून-आवळून तालात बसवलं आणि पिच वर उचलला. दोन रात्री गेल्या. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "हा माझा आवाज नाही." तिचं बरोबर होतं. 'स' आणि 'श' खरवडल्यासारखे झाले होते आणि लांब धरलेल्या स्वरांत धातूचा कंप आला होता.

शेवटी मी तिला मूळ फाइलीची लांबी विचारली. तिच्याकडे ३ मिनिटं ४० सेकंद, माझ्याकडे ३ मिनिटं ५९. भागाकार केला तर सुमारे १.०९, म्हणजे ४८ भागिले ४४.१ इतकंच. मूळ फाइल रूपांतर करून पुन्हा आत घेतली आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जागच्या जागी बसली. या सगळ्याला पाच मिनिटं लागली. तिच्या गाण्यात कुठेही खोट नव्हती, आणि मी मात्र दोन दिवस तिच्यावर संशय घेत होतो.

म्हणून फाइल चुकीच्या वेगानं वाजते आहे हे ओळखायच्या खुणा पाठ करून ठेवा.

पहिली खूण लांबी. पाठवणाऱ्याला मिनिटं-सेकंद विचारा. ४८ ची फाइल ४४.१ ची समजून वाजली तर लांबी सुमारे ८.८ टक्के वाढते. उलट झालं तर ८.१ टक्के घटते.

दुसरी खूण पट्टी. फरक १४७ सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) पडतो, म्हणजे जवळजवळ दीड अर्धस्वराचा. त्यामुळे आवाज कुठल्याच पट्टीत बसत नाही. पेटी किंवा कीबोर्ड घेऊन बसा. जो सा शोधाल तो दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत सापडेल. गायक खरोखरच बेसूर असेल तर तो कुठे वर, कुठे खाली जातो. इथे मात्र सगळंच्या सगळं सारख्याच मापानं सरकलेलं असतं. ९६ आणि ४८ ची गल्लत झाली असेल, तर अख्खं सप्तक खाली-वर होतं आणि ते कुणाच्याही लगेच लक्षात येतं. घोटाळा होतो तो ४४.१ आणि ४८ मध्ये, कारण फरक "गायक जरा दमलेला दिसतोय" इतपतच वाटतो.

तिसरी खूण लय. १२० च्या लयीतला ट्रॅक ११०.२५ वर किंवा साधारण १३०.६ वर आलेला दिसेल.

सुरुवात बरोबर आहे पण तासाभरात फाइल हळूहळू मागे-पुढे सरकली, तर तो आजार वेगळा. दोन यंत्रांची घड्याळं जुळत नाहीत, एवढंच. दशलक्षात २० भागांचा फरकही तासाला ७२ मिलिसेकंद होतो. तिथे मध्येमध्ये कापून सरकवणं किंवा अगदी किंचित ताणणं योग्य आहे. सॅम्पल रेटच्या गोंधळात मात्र टाइम स्ट्रेच आणि पिच शिफ्टला हात लावू नका. "कानाला बरं वाटेपर्यंत ताणा" हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. स्ट्रेच अंदाजानं नवा आवाज घडवतो. तुम्हाला हवा आहे तो मूळ आवाज, आणि तो फाइलीत शाबूत आहे.

दुरुस्ती अशी. मूळ फाइल मीडियाइन्फोसारख्या साधनात उघडून तिचा रेट बघा, प्रोजेक्टचा बघा, ट्रॅकवरची चुकीची प्रत काढून टाका आणि रूपांतराची खूण लावून पुन्हा आत घ्या. रीपर किंवा लाइव्हसारखी सॉफ्टवेअर वाजवतानाच रूपांतर करतात. प्रो टूल्ससारखी आत घेताना करतात. तुमचं कोणत्या जातीचं आहे हे एकदा नक्की करून घ्या.

मूळ फाइल सापडत नसेल आणि हातातल्या फाइलीवर नोंदच चुकीची असेल, तर ऑडॅसिटी कामाला येते. तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतला फरक कळला तर हा सगळा विषय कळला. ट्रॅकच्या नावावर क्लिक केल्यावर मेनूत 'रेट' दिसतो. तो फक्त नोंद बदलतो, त्यामुळे सूर आणि लांबी दोन्ही बदलतात. 'ट्रॅक्स' मेनूतलं 'रिसॅम्पल' आकडे नव्यानं मोजतं, सूर आणि लांबी तशीच ठेवून. चुकीची नोंद सुधारायला पहिलं, आणि मग हव्या त्या रेटवर न्यायला दुसरं. क्रम उलटा केलात तर चूक फाइलीत कायमची कोरली जाते.

४. तुमचा कन्व्हर्टर तपासा

सगळे कन्व्हर्टर सारखे नसतात. रेट खाली आणताना नव्या रेटच्या निम्म्याच्या वरचं सगळं आधी गाळावं लागतं. गाळणी कच्ची असेल तर वरचा आवाज उलटा वळून खाली येतो. ९६ वरून ४४.१ वर येताना ३० किलोहर्ट्झचा ऐकू न येणारा आवाज १४.१ किलोहर्ट्झवर येऊन बसतो, आणि तो ऐकू येतो. झांजांच्या, श्वासांच्या मागे एक बारीक किरकिर राहते ती अशी.

तपासणी दहा मिनिटांची आहे. ऑडॅसिटीत प्रोजेक्टचा रेट ९६ हजार करा. 'जनरेट' मेनूतून 'चर्प' (खालून वर चढत जाणारा स्वर) घ्या: २० हर्ट्झपासून ४५ हजारांपर्यंत, लिनियर, १० सेकंद, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.५. वेव्ह म्हणून बाहेर काढा. ती फाइल तुम्ही रोज वापरता त्या सॉफ्टवेअरमधून ४४.१ वर आणा आणि परत ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्रॅममध्ये (कोणत्या वेळी कोणत्या उंचीचा आवाज आहे ते दाखवणाऱ्या चित्रात) बघा, वरची मर्यादा २२,०५० ठेवून. एक सरळ तिरपी रेघ चढत जाऊन पाचव्या सेकंदाच्या सुमारास वरच्या कडेला भिडली पाहिजे आणि पुढे काहीही दिसता कामा नये. रेघ कडेला आपटून परत खाली उतरताना दिसली तर तो कन्व्हर्टर किंवा त्याचं ते सेटिंग सोडून द्या. पुष्कळ ठिकाणी दर्जाचा पर्याय असतो आणि तो कधी कधी खालच्या दर्जावर पडलेला असतो. तो सर्वांत वर न्या. शेवटची फाइल काढताना दोन मिनिटं जास्त लागली तर लागू द्या.

इथेच एक जुनी समजूत मोडून टाकतो. "४४.१ हवं असेल तर ८८.२ वरच रेकॉर्ड करा, भागाकार पूर्ण जातो" असं अजूनही सांगितलं जातं. चांगला कन्व्हर्टर १६०:१४७ हे गुणोत्तरही तितक्याच स्वच्छपणे हाताळतो. वरच्या तपासणीत, ३२०:१४७ च्या गुणोत्तरावर, तुम्हाला ते दिसेल.

५. शेवटची फाइल: क्रम बदलू नका

आधी सॅम्पल रेट, मग लिमिटर (शिखरं ठरावीक पातळीवर अडवणारं प्लगइन), सर्वांत शेवटी बिट कमी करणं आणि त्यासोबत डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर). रेट बदलताना सॅम्पल्स नव्या ठिकाणी मोजली जातात, त्यामुळे उणे ०.१ वर दाबून ठेवलेल्या फाइलीची शिखरं शून्याच्या वर जाऊ शकतात. म्हणून मधल्या सगळ्या फाइली ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवा. तिथे शून्याच्या वर गेलेलं कापलं जात नाही. डिदर एकदाच, १६ बिटांवर येताना. दोनदा लावलेला डिदर म्हणजे फुकटची खरखर.

दुसऱ्याकडे ट्रॅक पाठवताना प्रत्येक फाइल प्रोजेक्टच्या शून्यापासून सुरू करा. वेव्हमध्ये वेळेची नोंद ठेवता येते, पण मधल्या एखाद्या रूपांतरात ती गळून पडते. सोबत चार ओळींचा मजकूर द्या: रेट, बिट, लय, आणि मिनिटं-सेकंदांत लांबी. मला त्या गायिकेकडून हा मजकूर आला असता, किंवा मी तो मागितला असता, तर दोन रात्री वाचल्या असत्या.

६. एमपीथ्री फक्त ऐकवण्यासाठी

मास्टरवरून (शेवटच्या पूर्ण फाइलीवरून) थेट बनवा, शिखर उणे १ डेसिबल ट्रू पीकवर (दोन सॅम्पल्सच्या मधलं शिखरही धरून मोजलेल्या पातळीवर) ठेवून, कारण एन्कोडिंगमध्ये शिखरं वर सरकतात. एमपीथ्रीचं वेव्ह केल्यानं गेलेलं काही परत येत नाही. प्रोजेक्टमध्ये लूप म्हणूनही एमपीथ्री घेऊ नका. एन्कोडर आणि डिकोडर मिळून सुरुवातीला रिकामी सॅम्पल्स घालतात. नेहमीच्या एका जोडीत ती ११०५ भरतात, म्हणजे ४४.१ वर २५ मिलिसेकंद. प्रत्येक फेरीला तिथे ठेच लागते.

७. जतन

काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटापर्यंत सलग वेव्ह करून ठेवा, प्लगइनसह एक संच आणि प्लगइनविना एक. जागा वाचवायची तर फ्लॅक करा. त्यात एकही आकडा बदलत नाही. पण ३२ बिट फ्लोट फ्लॅकमध्ये बसत नाही, त्या फाइली वेव्हच राहू द्या. मूळ वेव्ह पुसण्याआधी फ्लॅक आणि वेव्ह शेजारशेजारच्या ट्रॅकवर ठेवा, एकाचा फेज उलटा करा (म्हणजे लहर वरची खाली होईल) आणि दोन्ही एकदम वाजवा. मीटर अजिबात हलता कामा नये. हलला तर वेव्ह पुसू नका, आधी दोन्ही फाइलींचा रेट बघा.