जुनी डिझेल पिकअप चालता चालता बंद पडते : दोष कसा शोधावा

जुनी पिकअप रस्त्यात वारंवार बंद पडू लागली, की आपण ती गॅरेजमध्ये नेऊन "गाडी बंद पडते" एवढेच सांगतो. तिथे नेमकी ती दिवसभर उभ्या उभ्या सुरळीत चालते, त्यामुळे मिस्त्री आपल्या सवयीप्रमाणे आधी फिल्टर बदलतो, मग टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, आणि शेवटी मुख्य पंप व डिझेल फवारणारे नोझल कॅलिब्रेशनला (मोजून जुळवून घ्यायला) पाठवायला सांगतो. यांपैकी एखाद्या कामाने दोष जाईलही, पण तो कशामुळे गेला हे कोणालाच कळत नाही आणि खर्च मात्र सगळ्याच कामांचा होतो. पुढे सांगितलेली पद्धत मुख्यतः यांत्रिक फ्युएल पंप असलेल्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी आहे. तिचा पाया असा, की काहीही उघडण्यापूर्वी गाडी नेमकी कशी आणि केव्हा बंद पडते, हे नोंदवून घ्यावे.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटते, म्हणून इंजिन चालायला हवा, पुरेसे कॉम्प्रेशन आणि वेळेवर फवारलेले डिझेल एवढेच लागते. यातले कॉम्प्रेशन दहा मिनिटांसाठी जाऊन परत येत नाही. त्यामुळे जी गाडी बंद पडते, थोड्या वेळाने चालू होते आणि पुन्हा पहिल्यासारखी ओढते, तिच्या बाबतीत "इंजिन उतरवावे लागेल" असे कोणी सांगितले तर घाई करू नये. याला अपवाद तापून बंद पडणाऱ्या इंजिनाचा. तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे जात असेल, तर बाकीचे सगळे तपास बाजूला ठेवून आधी रेडिएटर, फॅनचा पट्टा आणि थर्मोस्टॅट पाहावा. उरलेल्या बहुतेक तक्रारींत दोन शक्यता राहतात : डिझेल पंपापर्यंत पोहोचत नाही, किंवा पंपावरचा बंद करणारा सॉलिनॉइड (विजेवर चालणारी झडप) मध्येच डिझेल अडवतो.

डॅशबोर्डवर एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहाव्यात : टाकीत डिझेल किती होते, चढ आणि माल किती होता, इंजिन एकदम बंद पडले की आचके देत, आणि पुन्हा किती वेळाने चालू झाले. तीन-चार नोंदी झाल्या, की दोष बहुधा अर्धा सापडलेला असतो.

तपासाला लागण्यापूर्वी एक सूचना, जी घाटात गाडी चालवणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, आणि बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप ऑल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. इंजिन थांबले, की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळाच ब्रेक हलका लागतो; त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते, आणि पॉवर स्टिअरिंग असल्यास तेही जड होते. म्हणून गाडी बंद पडताच ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच नीट दाबून गाडी कडेला घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा आणि मगच बॉनेट उघडावे.

एकदम बंद पडणारी गाडी

कोणीतरी चावी फिरवावी तसे इंजिन एका क्षणात बंद पडत असेल, ना झटका, ना मिस, ना ताकद कमी होणे, तर संशय आधी विजेवर घ्यावा. यांत्रिक पंपाला स्वतःला वीज लागत नाही, पण बहुतेक गाड्यांत त्यावर १२ व्होल्टचा सॉलिनॉइड असतो. चावी चालू असेपर्यंत त्याला वीज मिळते आणि तो डिझेलची वाट उघडी ठेवतो. क्षणभर वीज तुटली, की वाट बंद. शांत जागी चावी चालू-बंद करून पंपाजवळ कान दिल्यास 'टक्' असा आवाज यायला हवा. आवाज येतो म्हणजे सॉलिनॉइड निर्दोष आहे असे मात्र नाही, कारण गार असताना नीट चालणारी त्याची कॉइल तापल्यावर सोडून देऊ शकते.

बंद पडण्याच्या क्षणी चावी न फिरवता डॅशबोर्डकडे पाहावे. इंजिन थांबल्यावर ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा लागायला हवा. तो लागलाच नाही, तर चावीचा स्विच, मुख्य फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल किंवा अर्थिंगची पट्टी यांपैकी कुठेतरी पुरवठा तुटतो आहे. स्विच झिजल्याचा संशय असेल, तर गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून चावी हळूच हलवून पाहावी. चावीला घराच्या, गोदामाच्या आणि मोटारीच्या खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवण्याची आपल्याकडे सवय आहे; खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याचे वजन स्विच झिजवत राहते.

दिवे लागले तरी सॉलिनॉइडची स्वतंत्र वायर किंवा फ्यूज सैल असू शकतो. त्यासाठी एक स्वस्तातली युक्ती आहे. सॉलिनॉइडच्या टर्मिनलवरून एक बारीक वायर काढून, तिला वाटेत छोटा फ्यूज देऊन ती कॅबिनमध्ये आणावी, तिला १२ व्होल्टचा लहान बल्ब जोडावा आणि बल्बचे दुसरे टोक बॉडीला अर्थ करावे. आता गाडी नेहमीच्या रस्त्याने न्यावी. ती बंद पडली त्याच क्षणी बल्बही विझला, तर दोष वायरिंगमध्ये आहे. बल्ब जळतच राहिला आणि इंजिन थांबले, तर वायरिंग निर्दोष आहे. मग सॉलिनॉइड तरी गेला आहे किंवा डिझेल तरी येत नाही. काही जुन्या गाड्यांत सॉलिनॉइडऐवजी ओढून बंद करायची केबल असते. ती गंजून अर्धवट ओढलेली राहिली, तर पंपाचा लिव्हर पूर्ण परतत नाही, हे तिथे जाऊन डोळ्यांनी पाहावे.

आचके देत बंद पडणारी गाडी

ताकद कमी होत जाते, अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी घेत नाही, दोन-चार आचके बसतात आणि मग इंजिन थांबते, ही डिझेल कमी पडल्याची खूण आहे. टाकीतली गाळणी, तिथून येणारा पाइप, पाणी वेगळे करणारी वाटी, फीड पंप, फिल्टर आणि मुख्य पंप, असा हा मार्ग असतो. यात फीड पंपापर्यंतचा सगळा मार्ग ओढीवर असतो, दाबावर नाही, आणि हीच गोष्ट अनेक जण विसरतात. ओढीच्या पाइपला बारीक चीर पडली, तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. त्यामुळे "कुठेच लिकेज नाही" हे वाक्य इथे काहीच सिद्ध करत नाही.

गाडी बंद पडल्यावर सगळ्यांत आधी टाकीचे झाकण उघडावे. 'सूंऽ' करून हवा आत गेली आणि लगेच गाडी चालू झाली, तर झाकणाचे हवेचे भोक मातीने बुजले आहे. हवा आत गेली नाही, तर हातपंप (हाताने डिझेल चढवण्याचा छोटा पंप) दाबून पाहावा. तो खाली दबून तसाच राहिला किंवा अगदी सावकाश वर आला, तर मागे टाकीच्या बाजूला अडथळा आहे. तो फुसका लागला आणि बराच वेळ मारूनही कडक होत नसेल, तर मार्गात हवा आहे किंवा टाकी रिकामी आहे. काटा पाव टाकी दाखवत असताना चढावर असे होत असेल, तर टाकीच्या आतल्या उभ्या नळीला चीर असण्याचा संभव आहे. डिझेल चिरेच्या खाली गेले, की नळी हवाच ओढते.

माझ्या स्वतःच्या गाडीचा अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. पुण्याहून ठिबकच्या नळ्या आणि खताची पोती भरून साताऱ्याकडे जाताना ती खंबाटकी घाटात तीन वेळा जवळजवळ त्याच वळणावर बंद पडली, आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटांनी काहीही न करता चालू झाली. रिकामी असताना ती कधीच बंद पडली नाही. फिल्टर बदलला, फीड पंप बदलला, तरी फरक पडला नाही. मुख्य पंप उतरवण्याची वेळ आली तेव्हा एका वयस्कर मिस्त्रींनी आधी टाकी उतरवायला लावली. तळाशी बोटभर काळा गाळ होता आणि त्यात डिझेलच्या कॅनच्या तोंडावरचा पातळ प्लास्टिकचा तुकडा, तळहाताएवढा. चढावर भरलेली गाडी जोरात डिझेल ओढू लागली, की तो तुकडा गाळणीला चिकटे. इंजिन थांबून ओढ संपली, की तो आपोआप सुटून तळाला जाई. थोडी विश्रांती घेऊन चालू होणारी गाडी टाकीतल्या कचऱ्याकडे बोट दाखवत असते, हे मला तेव्हा कळले.

टाकी उतरवण्याआधी ही शंका पक्की करायची असेल, तर कॅनची चाचणी करावी. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेऊन तो हौद्यात कॅबिनच्या पाठीला घट्ट बांधावा, सायलेन्सरपासून लांब. फीड पंपाकडे येणारा टाकीचा पाइप सोडवून तिथे कॅनमधून आलेली नवीन नळी जोडावी. परतीचा पाइपही कॅनमध्येच सोडावा, नाहीतर कॅनमधले डिझेल टाकीत जाऊन तो लवकर रिकामा होतो. हवा काढून, माल भरून, त्याच चढावर गाडी न्यावी. गाडी बंद पडली नाही, तर टाकी, गाळणी आणि मागचा पाइप यांतच दोष आहे. तरीही बंद पडली, तर तो पुढे आहे. या चाचणीचा आणखी एक फायदा असा, की कॅन उंचावर असल्याने ओढीच्या जागी थोडा दाब येतो आणि आधी गुपचूप हवा घेणारा पुढचा जोड आता ठिबकू लागतो.

हवेचा शोध घेण्यासाठी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेलला टिकणारी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवावी. चालू केल्यावर सुरुवातीला चार-दोन बुडबुडे आले तर हरकत नाही. पण सोडा वॉटरसारखी सतत धार दिसली, तर एकेक जोड तपासावा लागेल. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर, कडक होऊन तडकलेले रबरी पाइप, सैल क्लिपा आणि फिल्टरवरचे नीट न बसलेले रबर ही नेहमीची ठिकाणे आहेत. वायसर प्रत्येक वेळी नवीन घालावेत. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो आणि एकदा चालू झाल्यावर गाडी ठीक चालते, ही रात्रीतून हवा शिरून डिझेल मागे उतरल्याची खूण असते. सेल्फ मात्र एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावे.

सायलेन्सरही बोलतो. सेल्फ मारताना धूर अजिबात निघत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर निघत असेल, तर ते पोहोचते आहे पण पेटत नाही. आणि बंद पडण्यापूर्वी काळा धूर येत असेल, तर हवा कमी पडते आहे, म्हणून एअर फिल्टर पाहावा.

पाण्याबद्दल फार सांगायला नको. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते; वाटीचा किंवा फिल्टरचा खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढावे आणि पाच मिनिटे ठेवावे. खाली वेगळा थर दिसला, तर टाकीही साफ करावी. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली, की आत दव धरते, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळीच टाकी भरून ठेवणे चांगले.

फक्त थांबताना किंवा फक्त तापल्यावर

सिग्नलला गाडी थांबवतानाच ती बंद पडत असेल, तर थांबण्यापूर्वी गिअर न्यूट्रलला घेऊन पाहावे. न्यूट्रलमध्ये ती चालू राहिली, तर दोष इंजिनाचा नसून क्लच पूर्ण सुटत नाही. न्यूट्रलमध्येही ती बंद पडली, तर स्लो स्पीड (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरते तो वेग) पाहावा. बहुतेक अशा इंजिनांचा तो ७५० ते ८५० आरपीएमच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

तापल्यावर बंद पडून गार होईपर्यंत चालूच न होणारी गाडी अवघड असते. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या पंपात आतल्या आत गळते, त्यामुळे सेल्फच्या कमी वेगावर पुरेसा दाब तयार होत नाही. अशा वेळी इंजिन बंद ठेवून पंपावर ओले फडके दहा मिनिटे ठेवावे. त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर पंप किंवा त्यावरचा सॉलिनॉइड यांपैकी एक तापून दगा देतो आहे. वर सांगितलेला बल्ब आणि इंजिन तापलेले असतानाच ऐकलेला चावीचा 'टक्' आवाज यांवरून सॉलिनॉइड निर्दोष ठरला, तरच पंप उतरवण्याचा खर्च करावा. चालत्या गरम पंपावर थंड पाणी ओतणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने पंप जाम होऊ शकतो.

कॉमन रेल इंजिन (एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणारे, कॉम्प्युटरवर चालणारे नवे इंजिन) असेल, तर वरचे टाकी, झाकण, पाणी आणि फिल्टरचे तपास लागू पडतात, पण पुढचे काम स्कॅनरशिवाय (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या यंत्राशिवाय) करू नये. तापल्यावर क्रँक सेन्सरने (इंजिनाचे फिरणे ओळखणाऱ्या सेन्सरने) सोडून देणे हे तिथले नेहमीचे कारण असते. त्या इंजिनाचा नोझलकडे जाणारा पाइप चालू असताना कधीही सैल करू नये. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणीएवढे दिसणारे भोकही तातडीने दवाखान्यात दाखवावे लागते.

दोष सापडून दुरुस्ती झाली, तरी सगळे वायसर, क्लिपा आणि तात्पुरती नळी पाहून झाल्यावर गाडी त्याच मालासह, तेवढ्याच डिझेलवर, त्याच चढावर न्यावी आणि वहीत नोंद करावी. माझ्या वहीत टाकी धुतल्यानंतरच्या पहिल्या फेरीपुढे "घाट, भरलेली, पाव टाकी, थांबली नाही" एवढेच लिहिलेले आहे.