डीलरकडून जुनी गाडी घेताना भाव कसा पाडायचा

डीलरने जुन्या गाडीवर लावलेल्या किमतीत चार रकमा असतात: गाडी त्याला पडली ती किंमत, दुरुस्ती आणि पॉलिशवर झालेला खर्च, पैसे अडकून पडल्याचं व्याज आणि त्याचा नफा. पहिल्या दोन तो सांगत नाही, आणि सांगितल्या तरी खऱ्या धरू नयेत. तिसरी रोज वाढत जाते. घासाघीस चालते ती चौथीवर. नुसतं ‘काहीतरी कमी करा’ म्हटलं की डीलर त्यासाठीच बाजूला ठेवलेली किरकोळ सूट देऊन मोकळा होतो. त्याहून जास्त कमी करून घ्यायचं असेल तर प्रत्येक कपातीला कारण लागतं. ते एक तर बाजारात सापडतं, नाही तर गाडीत.

आधी बाजार बघा

तेच मॉडेल, तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स आणि तेच व्हेरिएंट असलेल्या ८-१० जाहिराती काढा. वर्षात एकाचा फरक चालेल. किलोमीटर मात्र जवळपास सारखे हवेत. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग गाडी बाजूला काढा आणि उरलेल्यांतली मधली किंमत धरा. ही मागितलेली किंमत आहे, मिळालेली नाही, त्यामुळे खरा सौदा बहुतेक वेळा तिच्याही खालीच होतो. या जाहिरातींचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. टेबलावर ‘दुसरीकडे स्वस्त मिळते’ या वाक्याला किंमत नसते, समोर ठेवलेल्या जाहिरातीला असते.

बनावटीचं वर्ष आणि नोंदणीचं वर्ष वेगळं असू शकतं. वर्षअखेरीस बनलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदवली गेली असेल तर जाहिरातीत हमखास नंतरचं वर्ष येतं. तुलना करताना दोन्ही बघा.

मनात भरलेली गाडी किती दिवसांपासून जाहिरातीत आहे तेही टिपून ठेवा. दोन-तीन महिने उभी असलेली गाडी डीलरला नकोशी झालेली असते, कारण तिच्यात अडकलेल्या पैशांत दुसरी गाडी घेऊन विकता आली असती. मधल्या काळात किंमत एकदा उतरवली असेल तर ती आणखी उतरते. कालच आलेल्या आणि मागणी असलेल्या गाडीवर फार सुटेल अशी आशा धरू नका.

गाडीत काय शोधायचं

जाण्याआधी फोनवर सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर इंजिन आधीच सुरू करून ठेवलंय, आणि थंड इंजिनचा खडखडाट किंवा पहिला धूर तुम्हाला बघायला मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी परत या.

टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. चार वर्षांच्या गाडीवर सहा वर्षांपूर्वीचे टायर दिसले तर कोणीतरी जुने टायर बसवलेत. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते, आणि खाचेतल्या झिजेच्या खुणा १.६ मिलिमीटरवर रबराच्या पातळीला येतात, म्हणजे टायर संपला. झीज कुठे आहे तेही महत्त्वाचं. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली, मधला भाग झिजला असेल तर जास्त. फक्त आतली कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलंय किंवा सस्पेंशनचे बुश (सांध्यांतले रबरी भाग) गेलेत. अशा वेळी नुसते टायर बदलून भागत नाही, नवेही तसेच झिजतात.

टायमिंग बेल्टकडे, म्हणजे इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याकडे, बहुतेक जण बघतच नाहीत, आणि पैसे तिथेच असतात. बेल्ट बदलण्याची मुदत कंपनी किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्हींत देते, जे आधी येईल ते. कमी चाललेली पण जुनी गाडी इथे अडकते: किलोमीटर भरलेले नसतात, वर्षं मात्र उलटलेली असतात. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा, सेल्समन काहीही म्हणो. आपल्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, हे मात्र आधी मॅन्युअलमध्ये बघून जा.

फेरी किमान अर्ध्या तासाची मारा. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाला एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढले आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा पुढच्या डिस्कचा दोष. परत आल्यावर इंजिन चालू ठेवून खाली वाकून बघा. धुऊन चकचकीत केलेल्या इंजिनची गळती फेरीनंतर दिसते, आधी नाही.

स्वस्तातला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, सोबत न्या. एरर कोड दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस’ असा भाग असतो, गाडीने स्वतःच्या चाचण्या पुऱ्या केल्यात का ते तो दाखवतो. तिथल्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या तर नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. विचारा का. पटेल असं उत्तर मिळालं नाही तर दोन-तीन दिवस गाडी वापरात राहिल्यावर पुन्हा तपासायची अट घाला.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा मूळ रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर ३०० च्या वर आकडा आला तर तिथे पुन्हा रंग मारलाय, आणि हजाराच्या घरात गेला तर खाली पोचा भरलेली पुटी आहे. यंत्र नसेल तर फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टची डोकी बघा, रंग खरवडलेला असेल तर पाना लागलाय. रंगकाम झालंय एवढ्यावरून गाडी वाईट ठरत नाही, पण ‘ॲक्सिडेंट नाही’ या दाव्याचा भाव मग देऊ नये.

किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून बघा. पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटलेली आणि मीटरवर मात्र तीस हजार, असं असेल तर निघा. काही दोष भाव पाडण्यासाठी नसतातच: मागे फिरवलेलं मीटर, निळा धूर, कूलंट कमी होत असताना सतत येणारा पांढरा धूर, वाकलेली चासी, पुरात बुडाल्याच्या खुणा. अशी गाडी निम्म्या किमतीतही महागच पडते.

विजेच्या गाडीत ही यादी बदलते. तिथे बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दाखवणारा अहवाल आणि बॅटरीची वॉरंटी नव्या मालकाला लागू होते का, हे दोनच मुद्दे बाकी सगळ्यावर भारी.

आकडा मांडणे

सापडलेल्या दोषांची यादी घेऊन बाहेरच्या गॅरेजमधून खर्चाचे आकडे लिहून आणा. आता हिशेब. जाहिरातीतली किंमत १०० धरा, आणि तुलनेतल्या गाड्यांची मधली किंमत ९६ निघाली असं समजू. टायरचा नवा संच ५, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप २, पुढच्या डिस्क आणि पॅड १.५.

इथे एक चूक नेहमी होते: टायरचे सगळे ५ वजा केले जातात. बाजारभाव मुळात अर्धे झिजलेले टायर धरूनच असतो, त्यामुळे संपलेल्या टायरसाठी २.५ मागणंच योग्य, आणि डीलरलाही ते नाकारता येत नाही. बेल्टचं तसं नाही. मुदत उलटून गेलेलं काम आहे, पूर्ण २ मागा. एकूण ६. म्हणजे गाडीची वाजवी किंमत ९०. पहिला आकडा ८६ बोला, आणि ९२ च्या वर जायचं नाही हे कागदावर लिहून खिशात ठेवा. ८६ च्याही खूप खाली बोलाल तर सेल्समन तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून मोजणं सोडून देतो.

टेबलावर

पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो: ‘साहेब, तुमच्या मनात किती आहे?’ इथे वरची मर्यादा सांगायची नसते. उत्तर असं असावं: ‘अशाच गाड्या इतक्याला आहेत, या घ्या जाहिराती. टायर संपलेत, बेल्टचं बिल नाही, डिस्क घासल्यात, हे गॅरेजचे आकडे. सगळं धरून मी इतके देतो.’ आणि मग गप्प बसा. पुढचं वाक्य त्याचं असू द्या. शांतता असह्य होऊन स्वतःच आकडा वाढवणारे गिऱ्हाईक सेल्समनला रोज भेटतात.

तो ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणून आत जाईल आणि किरकोळ सूट घेऊन बाहेर येईल. त्याचा आकडा अर्ध्यावर आला म्हणून तुम्हीही अर्धं अंतर कापायला पाहिजे असं नाही. तुमची वाढ दर वेळी आधीपेक्षा लहान असू द्या: ८६, मग ८८, मग ८९, मग ८९.५. तुमची मर्यादा जवळ आलीय हे त्याला यातूनच कळतं. प्रत्येक वाढीच्या बदल्यात काही मागा.

डीलर म्हणेल, ‘किंमत नाही होणार, टायर नवे टाकून देतो.’ हे मान्य करण्याआधी थांबा. तो सगळ्यात स्वस्त टायर टाकेल. टायर, ब्रेक, बॅटरी अशा झिजणाऱ्या भागांसाठी पैसे कमी करून घ्या आणि माल स्वतः निवडा. ज्या दोषाचं कारण नीट कळलेलं नाही, उदाहरणार्थ इंजिनचा लागलेला दिवा किंवा गिअर अडकणं, ते काम मात्र त्याच्याकडूनच करून घ्या. तिथे सूट घेतलीत तर खर्च वाढण्याचा धोका तुमच्या गळ्यात पडतो.

काही डीलर एकच पक्का भाव ठेवतात. तिथे गाडीच्या किमतीवर डोकं आपटू नका. फी, वॉरंटी, दुसरी किल्ली, तुमच्या जुन्या गाडीचा भाव, यात जागा असते.

जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर तिचा विषय नवीचा भाव ठरेपर्यंत काढूच नका, आणि दोन ठिकाणचे भाव आधी घेऊन ठेवा. दोन्ही व्यवहार एकत्र केले की इकडे दिलेली सूट तिकडे परत घेतली जाते आणि कळतही नाही.

महिनाअखेर किंवा तिमाहीअखेर, तीही सुट्टीचा दिवस सोडून, ही वेळ बरी. टार्गेट पुरं करायला एक गाडी कमी असेल तर अडलेला आकडा सुटतो.

‘हप्ता किती परवडेल?’

या प्रश्नाला उत्तर देऊ नका. हप्ता सांगितला की भाव, मुदत आणि व्याज हे तिन्ही त्याच्या हातात जातात. वार्षिक १२ टक्के व्याजाने, घटत्या शिलकीवर, १०० चं कर्ज ५ वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला २.२२ भरावे लागतात आणि एकूण १३३ जातात. तेच ७ वर्षांवर नेलं की हप्ता १.७७ वर येतो आणि एकूण १४८ जातात. हप्ता पाचव्या हिश्शाने उतरला, व्याज ३३ वरून ४८ वर गेलं.

‘फ्लॅट’ व्याजदर, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लावलेलं व्याज, तोही तसाच फसवा. ५ वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे १७.३ टक्के. जाण्याआधी बँकेकडून कर्ज मंजूर करून घ्या, म्हणजे डीलरच्या कर्जाची तुलना करायला हातात काही असेल. आणि रोख देणार असाल तर ते आधी सांगून टाकू नका. रोखीने डीलर खूष होतो ही जुनी समजूत आहे. कर्ज आपल्यामार्फत घेतलं तर त्याला अनेकदा कमिशन मिळतं, त्यामुळे रोख ऐकून तो सूट आखडतो. भाव ठरल्यावर मग पैसे कसे देणार ते बोला.

शेवटची बेरीज आणि कागद

बोलणी एकाच रकमेवर करा: हस्तांतरण, विमा, कर आणि सगळी फी धरून किल्ली हातात येईपर्यंत एकूण किती. सरकारी शुल्काची पावती मिळते. ‘प्रोसेसिंग’, ‘हाताळणी’, ‘रंग संरक्षण’ या नावांखालच्या ओळी डीलरच्या स्वतःच्या असतात आणि त्या खोडता येतात. फी हटतच नसेल तर तेवढीच रक्कम गाडीच्या किमतीतून कमी करून मागा.

वाढीव वॉरंटी घेण्याआधी तिच्यात काय बसत नाही ती यादी वाचा. क्लच, ब्रेक, बॅटरी, टायर सहसा बाहेरच असतात. दाव्याची कमाल रक्कम किती आणि पैसे कोण देणार, डीलर की विमा कंपनी, हेही बघा.

विसार देताना पावतीवर चासी नंबर, मीटरचा आकडा, एकूण रक्कम, डीलरने कबूल केलेली कामं तारखेसकट, आणि तपासणीत दोष निघाला तर विसार परत मिळेल हे लिहून घ्या. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच येत नाहीत. गाडीवरचा नंबर कागदाशी अक्षरागणिक ताडा, त्यावरून कंपनीच्या साइटवर रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) बाकी आहे का तेही बघा.

उरलेले पैसे देण्याआधी कबूल केलेली कामं झालीत का ते स्वतः बघा. टायर बदलून द्यायचे ठरले असतील तर चार आकडी कोड परत वाचा, कारण ‘नवे’ म्हणून दोन वर्षं गोदामात पडलेले टायरही बसतात. दुसरी किल्ली, स्टेपनी, जॅक आणि सर्व्हिसची बिलं गाडीबरोबरच घ्या. इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीची दुसरी किल्ली नंतर बनवायला बराच खर्च येतो, आणि ‘मागाहून पाठवतो’ म्हटलेली किल्ली क्वचितच येते.