भिशीच्या जेवणातली भेट: स्वतःचीच चिठ्ठी येऊ नये म्हणून

दिवाळीनंतर आमच्या भिशीचं जेवण आणि भेटींची अदलाबदल असते. डब्यातून नावाच्या चिठ्ठ्या काढल्या की हमखास कुणीतरी ओरडतं, “अगं, माझंच नाव आलं!” नशिबाचा दोष नाही, गणितच तसं आहे. बारा जणी असोत की तीस, निदान एकीला स्वतःचं नाव येण्याची शक्यता सुमारे 63 टक्के असते.

उपाय सोपा. जितक्या मैत्रिणी तितके कागद घ्या. प्रत्येकावर एकच आकडा दोनदा लिहा: वर ‘मी 1’, खाली ‘भेट 1 ला’, पुढच्यावर 2, असं. कागद पालथे करून पिसा, ओळीने मांडा आणि मधोमध कापा. मग फक्त वरचे तुकडे एकेक घर उजवीकडे सरकवा. शेवटचा पहिल्या जागी आणा. आता वर-खालच्या जोड्या एकत्र घडी करून, पुन्हा मिसळून वाटा. प्रत्येकीने ‘मी’च्या आकड्यासमोर आपलं नाव भिंतीवरच्या यादीत लिहायचं, खालचा तुकडा मात्र कुणाला दाखवायचा नाही. स्वतःचं नाव येणं शक्यच नाही, आणि कोण कुणाला देतंय हे चिठ्ठ्या करणारीलाही कळत नाही.

रकमेची मर्यादा आधीच ठरवा, नाहीतर एकीकडे पैठणी आणि दुसरीकडे स्टीलचा डबा.

आणि हो, तारीख मार्गशीर्षातल्या गुरुवारी नको. निम्म्या जणींचा उपास निघतो आणि बिर्याणी उरते.