कोंबडीची कलेजी टाकू नका
चिकन आणताना कलेजी मागून घ्या. 100 ग्रॅम कच्च्या कलेजीत सुमारे 9 मिलिग्रॅम लोह असतं, छातीच्या मांसात जेमतेम अर्धा-एक. शिवाय बी-12 आणि फोलेट भरपूर. रक्त कमी असलेल्यांना एवढं स्वस्त अन्न दुसरं क्वचितच मिळेल.

हिरवट डाग दिसला तर तेवढा भाग कापून टाका; तो पित्ताचा असतो, सगळा रस्सा कडू करतो. आलं-लसूण, हळद, मिरपूड लावून परता, पण आत गुलाबी राहू देऊ नका. मीठ शेवटी. आठवड्यातून एकदा पुरे, कारण जीवनसत्त्व अ फार असतं. म्हणूनच गरोदर बायकांनी ती टाळावी. यूरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनीही.